चंद्रीच्या कानाला मामा पाहिजे

आमच्या दवाखान्यात औषधांचा तुटवडा अधूनमधून पडतो, किस्स्यांचा कधीच नाही. औषधं वापरली की संपतात. किस्से वापरले की वाढतात! चहाच्या टपरीवर एकदा सांगितलेला किस्सा आठ दिवसांनी आपल्याकडं परत येतो, तेव्हा त्यात दोन म्हशी जास्त असतात. आणि गंमत म्हणजे यातल्या बहुतेक किस्स्यांत गाढवपणा करणारा माणूस मीच असतो. पूर्वी लोक सांगायचे, मी ऐकून घ्यायचो. आता मीच सांगतो. दुसरा सांगतो तेव्हा मी त्यात पडतो आणि रडतोही. मी सांगतो तेव्हा नुसता पडतो.

मी गुरांचा डॉक्टर. गाव काष्टीकडचं, नोकरी जामखेड तालुक्यातल्या एका खेड्यात. सोबतीला आमचे पशुधन पर्यवेक्षक गर्जे. वयानं माझ्यापेक्षा मोठे, अनुभवानं तर लईच मोठे, तरी मला 'सायेब' म्हणतात आणि म्हणताना थोडं हसतात.

आमचं काम सोपं आहे. लस दिल्लीहून येते, कानात मारायचे पिवळे बिल्ले दिल्लीहून येतात, टोचायला माणसं राज्याची आणि लाथ मारायला जनावर गावचं. कागदावर याला केंद्र-राज्य समन्वय म्हणतात. प्रत्यक्षात समन्वय म्हणजे मी आणि गर्जे, एका मोटारसायकलवर, मध्ये लसीचा थंड डबा.

* * *

बिल्ले मारायची मोहीम सुरू झाली तो दिवस. प्रत्येक जनावराला बारा आकडी नंबर मिळणार, म्हणजे माणसाच्या आधारसारखंच. शुभारंभ सरपंचांच्या गाईनं. मी इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट घालून गेलो. फोटो निघणार होता ना!

डाव्या हातानं गाईचा कान धरला, उजव्या हातात पक्कड, आणि नजर फोटोवाल्याकडं. 'टक्!' काय सुंदर आवाज आला! टाळ्या झाल्या. फोटो झाला. मी बाजूला व्हायला गेलो तर माझा डावा हात येईना.

कान, बिल्ला आणि माझ्या शर्टाची बाही, तिन्ही एकत्र टोचली गेली होती.

हे माझ्या लक्षात यायच्या आधी गाईच्या लक्षात आलं. ती सुटली. गाय पुढं, मी तिच्या कानाशी, उकिरड्यावरून, कडब्याच्या गंजीला वळसा घालून. मागून गर्जे ओरडतायत, "सायेब, बाही सोडा! बाही सोडा!"

अहो, सोडू कशी? शर्ट अंगात आहे!

शेवटी बाही फाटली आणि मी सुटलो. पुढं आठ दिवस सरपंचांची गाय गावात माझा कफ आणि त्याचं बटण मिरवत हिंडत होती. मी धापा टाकत ओट्यावर बसलो, तर गर्जेंनी मोबाईलवर ॲप उघडून अगदी गंभीरपणे विचारलं, "सायेब, हा नंबर कुणाच्या नावावर टाकू?"

* * *

दोन महिन्यांत गावातली सगळी जनावरं बिल्लेवाली झाली. एक सोडून.

गयाबाईची चंद्री. तांबडी गाय, कपाळावर पांढरी चांदणी, स्वभावानं गरीब. गयाबाई मात्र गरीब नाहीत. मी पक्कड काढली तशा त्या गाय आणि मी यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, पोराचा कान टोचताना काय काय लागतं?"

मी म्हणालो, "सोनार."

"आन्?"

"गूळ-खोबरं."

"आन्?"

मला आठवेना. गर्जे मागून हळूच म्हणाले, "मामा."

"व्हय, मामा!" गयाबाई म्हणाल्या. "मामाच्या मांडीवर बसवल्याबिगर आमच्यात कान टोचत न्हाईत. चंद्री काय बाजारातनं आणलेली न्हाई. माझ्या भावानं दिलेली हाय. कालवड हुती तवा स्वतः सोडायला आलता, पायी. म्हनला, ताई, ही तुझी लेक. चंद्रीचा मामा त्योच."

"मग बोलवा की त्यांना!" मी उत्साहानं म्हणालो.

गर्जेंनी माझ्या पायावर पाय दिला. पण जरा उशिरा दिला.

"गेला त्यो," गयाबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी. भाऊबीजेला ओवाळायला दुसरं कुनी न्हाई मला."

मी पक्कड पिशवीत टाकली. जाताना मी त्यांच्या हातात मोहिमेचं माहितीपत्रक दिलं.

* * *

गयाबाईंचे मालक नामदेवराव. ते दर हंगामात बैलगाडी घेऊन ऊसतोडीला कोपरगावकडं जातात. बैलांना बिल्ले आहेत, कारण बैल बाजारातून आणलेले, त्यांना मामा नाही. प्रश्न होता लाळ्या-खुरकुताच्या लसीचा.

मी कोपरगावकडच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "बैल तुमच्या तालुक्याचे. नोंद तुमच्याकडं. तुम्हीच टोचा."

मी म्हणालो, "उभे तुमच्या तालुक्यात आहेत. लस तिथंच द्यायची."

त्यांनी मला एक परिपत्रक पाठवलं. मी त्यांना दुसरं पाठवलं. दिल्लीचं पत्र त्यांच्या बाजूनं, राज्याचं माझ्या बाजूनं! तीन दिवस आमचं हे चाललं. चौथ्या दिवशी माझा पारा चढला. मी फोनवर टेबल आपटून म्हणालो, "डॉक्टर, बैल तुमच्याच हद्दीत आहेत! मी तसं लेखी देतो!"

खिडकीतून गर्जे म्हणाले, "सायेब, लेखी देऊ नका. बैल आपली गाडी पाडतोय."

बाहेर पाहतो तर नामदेवरावांचा बैल माझ्या मोटारसायकलला मान घासत उभा! गावच्या यात्रेसाठी ते दोन दिवसांपूर्वीच घरी आले होते. मी फोन ठेवला. म्हणजे खरं सांगायचं तर मी 'रेंज नाही, रेंज नाही' असं म्हणून ठेवला.

लस टोचली. आता ॲपवर नोंद करायची तर मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. आला. नामदेवरावांनी मोबाईल छातीशी धरला.

"न्हाई सांगनार."

"अहो, ओटीपी सांगा. दिल्लीचा नियम आहे."

"कारखान्यावर पोलीस सायेब येऊन सांगून गेल्यात. ओटीपी आईला बी सांगायचा न्हाई."

दिल्ली म्हणते ओटीपी घ्या, राज्याचे पोलीस म्हणतात देऊ नका, आणि दोघांच्या मध्ये मी, अंगठा वर धरून. तीनदा ओटीपी आला, तीनदा मेला. चौथ्या वेळी गयाबाई आल्या, त्यांनी नवऱ्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि मला सहा आकडे वाचून दाखवले.

नामदेवराव जरा विचारात पडले. मग म्हणाले, "बायकोचं काय पोलीस बोलले नव्हते."

जाताना गयाबाई मागं वळून म्हणाल्या, "बैलांचं झालं. चंद्रीच्या कानाला हात लावायचा न्हाई."

* * *

समन्वय म्हटला की फक्त जनावरंच नाहीत, पिकंही आली. आमच्या शेजारीच कृषी खात्याचं कार्यालय. एकदा त्यांचं आणि आमचं सामान एकाच टेम्पोत आलं आणि त्यांचा एक खोका आमच्याकडं उतरला. आत प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर झाकणं, आणि लहान लहान रबरी गोळ्या. वर बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं. चष्मा घरी होता.

मी छातीठोकपणे सांगितलं, "गर्जे, गोठ्यातल्या माश्यांसाठी आलंय. लावा सगळीकडं."

"सायेब, वाचून बघता का एकदा?"

"मी डॉक्टर आहे, गर्जे."

लावलं. जनावर अडकवायच्या खोड्याला, खिडकीला, माझ्या खुर्चीच्या मागंही एक. दोन दिवसांनी सकाळी दवाखाना उघडतो तर पिशव्या पतंगांनी भरलेल्या! भिंतीवर पतंग, फाईलवर पतंग, माझ्या नावाच्या पाटीवरही दोन बसलेले. ते मक्यावरच्या लष्करी अळीचे कामगंध सापळे होते. मादीच्या वासानं नर पतंग येतात आणि अडकतात. अळी किती पसरली हे त्यावरून कळतं.

कृषीवाल्या मॅडम आल्या, दारातच थांबल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "डॉक्टर, अहो तालुक्याचे सगळे नर तुमच्याकडं! आमच्या मक्यात मी काय मोजू?"

पुढं त्यांनी आकडे प्रामाणिकपणे वर पाठवले. वरून नकाशा आला. त्यावर सगळ्यात मोठा लाल ठिपका आमच्या दवाखान्यावर होता, आणि शेरा होता: 'या ठिकाणच्या मका पिकाची तातडीनं पाहणी करावी.'

आमच्याकडं मक्याचं एक ताट नाही. गर्जेंनी दुसऱ्या दिवशी दारात एक लावलं.

* * *

मग लम्पी आला. शेजारच्या गावापर्यंत आला, तेव्हा हसणं बंद झालं. काष्टीचा जनावरांचा बाजार बंद, वाहतूक बंद. अंगभर गाठी आलेली जनावरं मी पाहिली होती. पाय सुजतात, खाणं सुटतं, डोळ्यांतून पाणी गळतं आणि मालक आपल्याकडं बघत राहतो. ते बघणं मला सोसत नाही.

आमच्या गावात आम्ही दोन दिवसांत लस टोचून काढली. एक सोडून! चंद्री. बिल्ला नाही, तर ॲपवर नोंद नाही. नोंद नाही, तर डोस दाखवायचा कुठं? माणूस म्हणून मला वाटत होतं, जावं आणि टोचून यावं, बघू पुढचं पुढं. सरकारी नोकर म्हणून वाटत होतं, चौकशी लागली तर? दोघांची माझ्या पोटात कुस्ती चालली होती, आणि सांगायला लाज वाटते, सरकारी नोकर जिंकत होता.

मग मला एक युक्ती सुचली. मी गयाबाईंकडं गेलो आणि म्हणालो, "हे बघा, मीच मामा होतो. पाच मिनिटांत उरकून टाकू."

गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात पक्कड होती, खांद्याला पिशवी, आणि मी घड्याळात बघत होतो.

"उरकायचं म्हनता आन् मामा बी म्हनता?" त्या म्हणाल्या. "जावा डॉक्टर. तुमी सरकार हाय. सरकारला भाची नसती."

त्या बोलताना चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. एकेक जागा चाचपत होत्या. गाठ लागतेय का, ते बघत होत्या. म्हणजे त्यांनाही भीती होतीच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

* * *

आणि अशात दिल्लीचं पथक पाहणीला येणार म्हणून निरोप आला! बिल्ले किती, लस किती, ॲपवर आहे ते जमिनीवर आहे का.

मी काय केलं असेल? मी रस्त्याचा नकाशा काढला. पथक कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार, सगळं आखलं. गयाबाईंची गल्ली त्यात नव्हती. गर्जे म्हणाले, "सायेब, एवढं डोकं चंद्रीसाठी लावलं असतं तर?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पथक आलं. पंचायतीत सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं. मुख्य साहेब हरियाणाकडचे, उंच, केस पिकलेले, मिशी मोठी. गाड्या निघाल्या. आणि माझ्या नकाशातला मुख्य रस्ता पाइपलाइनसाठी उकरून ठेवलेला! ड्रायव्हरनं सरळ गाडी वळवली, गयाबाईंच्या गल्लीत.

साहेबांनी काचेतून पाहिलं. चंद्री सावलीत बसून रवंथ करत होती. दोन्ही कान कोरे.

"रोको," साहेब म्हणाले.

ते उतरले. गयाबाई बाहेर आल्या. साहेबांनी मला विचारलं, "इसका टैग?" मी गयाबाईंना विचारल्यासारखं केलं. त्या म्हणाल्या, "ह्यास्नी सांगा, हिचा मामा गेलाय. मामाबिगर कान टोचत न्हाईत."

मी हिंदीत सांगितलं, "सर, ये कह रही हैं, अगले हफ्ते पक्का करवा लेंगे."

"खोटं बोलू नका, डॉक्टर!" गयाबाई कडाडल्या. "दहा हंगाम परराज्यात ऊस तोडलाय आमी, मला हिंदी कळती!"

जमीन दुभंगावी आणि माझ्यासकट माझा नकाशा आत जावा असं मला वाटलं. मग गयाबाईंनी स्वतःच सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं आपल्या भाषेत. भाऊ पायी आला होता ते. 'ही तुझी लेक' म्हणाला होता ते. सांगता सांगता त्यांनी पदर तोंडाला लावला.

साहेबांनी विचारलं, "मामा को करना क्या होता है?"

"मांडीवर घ्यायचं," गयाबाई म्हणाल्या. "डोळं झाकायचं. टोचल्यावर गूळ भरवायचा. आन् आहेर करायचा."

साहेबांनी बूट काढले. मोजेही काढले. गोठ्यात जाऊन चंद्रीच्या तोंडापाशी खाली मांडी घालून बसले, शेणात का काय ते बघितलंसुद्धा नाही, आणि तिचं डोकं हळूच आपल्या मांडीवर घेतलं. "हमारे घर में भी चार गायें थीं," एवढंच म्हणाले, आणि तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. चंद्रीनं रवंथ थांबवला. मग पुन्हा सुरू केला.

गयाबाई आत गेल्या. मला वाटलं, आता त्या दार लावून घेणार. त्या हळद-कुंकू आणि गूळ-खोबऱ्याचं ताट घेऊन बाहेर आल्या.

मी पक्कड काढली. चंद्रीचा कान धरला, श्वास रोखला आणि...

"सायेब!" गर्जे भर गल्लीत ओरडले. "आधी बाही वर!"

दिल्लीच्या साहेबांना काही कळेना. गर्जेंनी त्यांना तिथल्या तिथं सरपंचांच्या गाईचा किस्सा सांगितला, हिंदीत, हातवारे करून! साहेब हसायला लागले. त्यांच्या मांडीवर चंद्रीचं डोकं हलायला लागलं. पथक हसलं, गल्ली हसली, आणि डोळे पुसत गयाबाईसुद्धा हसल्या. मी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत चढवल्या. 'टक्!' बिल्ला लागला. त्याच दमात गर्जेंनी लस टोचली.

साहेबांनी चंद्रीला गूळ भरवला. मग आहेराचं आठवलं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि पंचायतीत सत्कारात मिळालेली शाल गाडीतून मागवून चंद्रीच्या पाठीवर घातली.

* * *

पंधरा दिवसांनी पुण्याहून वरिष्ठांचा फोन.

"डॉक्टर, दिल्लीचा अहवाल आलाय. तुमच्या गावाबद्दल चांगलं लिहिलंय. पण एक कळत नाही. 'उपस्थित' या रकान्यात लिहिलंय: पशुपालक, पशुवैद्यक, पर्यवेक्षक आणि मामा. हे मामा कोण?"

"सर, ते... स्थानिक पातळीवरचं आहे."

"आपल्याकडं हे पद मंजूर आहे का?"

"नाही सर."

"मग केंद्राचं असेल," ते म्हणाले. "किती जागा आहेत, विचारून घ्या."

* * *

लम्पी पुढच्या महिन्यात आमच्या गावात आलाच. गयाबाईंच्या शेजारच्या गोठ्यापर्यंत आला. मी रोज त्या गल्लीतून जायचो, काम असो नसो. चंद्रीला एक गाठ आली नाही. असं रोज बघून परत फिरलो की मला दवाखान्यातला चहासुद्धा बरा लागायचा.

परवा गयाबाई दवाखान्यात आल्या, हातात स्टीलचा डबा. झाकण उघडलं तर चीक! घट्ट, पिवळा.

"चंद्री व्याली. कालवड झाली. कान टोचायचाय. मामाला फोन लावा."

मी समजावलं की इतक्या लहान वासराला बिल्ला मारत नाहीत, काही महिने जाऊ द्यावे लागतात.

"जाऊ द्या की. तवर मामाला रजा मिळंल. लावा फोन."

आणि बघा, माझी खोड जात नाही. मी म्हणालो, "गयाबाई, पण नात्यानं बघितलं तर साहेब चंद्रीचे मामा. कालवडीचे ते आजोबा लागतील. कालवडीचा मामा म्हणजे चंद्रीचा भाऊ पाहिजे."

गर्जेंनी माझ्या पायावर पाय दिला. या वेळी वेळेवर दिला, पण मी बोलून गेलो होतो.

गयाबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, नाती तुमच्या ॲपमधी ठेवा. मला भाऊ एकच हाय."

मी फोन लावला. पलीकडून दबका आवाज आला, "डॉक्टर साहब, मीटिंग में हूँ. सब राज्यों के लोग बैठे हैं. अर्जेंट है क्या?"

मी 'नाही सर, नंतर करतो' म्हणणार, तेवढ्यात गयाबाईंनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला.

"दादा! कालवड झाली!"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग साहेबांचा आवाज आला, आता अजिबात दबका नाही, सगळ्या राज्यांना ऐकू जाईल असा:

"ताई! मेरे आने तक कान को कोई हाथ नहीं लगाएगा! गुड़ मैं लाऊँगा! और उस डॉक्टर को बोलो, हाफ शर्ट पहनकर आए!"